तिन्हीसांजेचे झुकते माप

कार्तिक सरता सरता हिंगणघाटच्या बाजाराला वर्षातली मोठी भरती येते. कापसाची पहिली वेचणी आटोपलेली असते. बाजार समितीच्या आवारात कापसाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागतात, जिनिंगच्या अंगणात पांढरे ढीग चढत जातात, आणि काटा होऊन चुकारा हाती पडलेला शेतकरी दुपार कलल्यावर पेठेकडे वळतो. घरचा किराणा, मुलांचे कपडे, लेकीच्या लग्नाचा बस्ता, जुनी उधारी, जमलेच तर गुंजभर सोने, अशी वर्षभर मनात राखून ठेवलेली खरेदी याच घटकेला बाहेर पडते. आणि नेमक्या याच घटकेला, साडेपाचच्या सुमारास, पऱ्हाटीच्या शेतांपलीकडे सूर्य टेकतो.

पेठेतल्या जैन पेढीवर तेव्हा दोन हिशेब समोरासमोर येतात. गल्ल्याचा हिशेब म्हणतो, आता उठायची ही वेळ नव्हे. व्रताचा हिशेब म्हणतो, ताटावर बसायला आता मोजकीच मिनिटे उरली. एक गिऱ्हाईक कापडाचे ठाण उलगडून बसलेले असते, दुसरे पायरी चढत असते, आणि घरून आलेला निरोप कानावर पडतो : जेवण तयार आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी यांसारख्या गावांत हा प्रसंग नवा नाही. पिढ्यान्पिढ्या तो रोज घडत आला आहे. मात्र या रोजच्या प्रसंगात काय पणाला लागलेले असते, हे क्वचितच थांबून पाहिले जाते.

सूर्याची खतावणी

मराठीने या वेळेला नावे दिली तीही किती. तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण, गोरज, सांजवेळ. गुरे रानातून परतताना उडणाऱ्या धुळीची ती गोरज, घरात पहिला दिवा लागतो ती दिवेलागण, आणि मन उगाच हुरहुरते ती कातरवेळ. पेढीवर दिवा लागला की मालक, मुनीम आणि समोरचे गिऱ्हाईकही क्षणभर हात जोडतात. विजेचे बटण दाबण्यापुरतेच काम उरले, तरी हात जोडण्याची ती रीत गेलेली नाही.

व्रत पाळणाऱ्याला मात्र नावापेक्षा नेमकी वेळ हवी असते. ती वेळ रोज थोडी सरकते. वर्धा जिल्ह्यात सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस, सुमारे ५ वाजून ३३ मिनिटांनी होतो, तर सर्वांत उशिराचा जुलैच्या आरंभी, सातच्या सुमारास. म्हणजे वर्षभरात जवळजवळ दीड तासाचा फरक. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला, तरी सर्वांत लवकरची सांज त्याच्या तीन-चार आठवडे आधीच येऊन गेलेली असते. संक्रांत येईपर्यंत सूर्यास्त सुमारे वीस मिनिटांनी पुढे गेलेला असतो. सूर्य मावळण्याची जागाही स्थिर नसते. उन्हाळ्यात तो ठीक पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे, तर हिवाळ्यात तितकाच दक्षिणेकडे सरकून मावळतो. पुलगावात वर्धा नदीच्या काठी उभे राहून वर्षभर पाहणाऱ्याला हा प्रवास घड्याळाशिवायही दिसतो.

इथे एका चुकीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेली आहे. वर्धा जिल्हा त्या रेषेच्या सुमारे चार अंश पश्चिमेला येतो. एक अंश म्हणजे चार मिनिटे, या हिशेबाने इथला सूर्य प्रमाणवेळेच्या रेषेपेक्षा पंधरा-सोळा मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. मुंबई त्याहूनही पश्चिमेला असल्याने तिथला सूर्यास्त वर्ध्याच्या सूर्यास्तानंतर वीस ते पंचवीस मिनिटांनी होतो. अनेक घरांच्या भिंतीवर मुंबईच्या वेळा छापलेले कॅलेंडर टांगलेले असते. त्यातला सूर्यास्त प्रमाण मानून हिंगणघाटात जेवायला बसणारा मनुष्य, मनात काही नसताना, रोज सूर्यास्तानंतर जेवत असतो. नागपूरची वेळ मात्र चालते, कारण तिथे आणि वर्ध्यात फरक जेमतेम दोन मिनिटांचा. मंदिरात किंवा स्थानकात फळ्यावर रोजचा सूर्योदय, नवकारशी आणि सूर्यास्त लिहिण्याची जी पद्धत आहे, तिचे मोल या फरकामुळे नीट ध्यानात येते. पावसाळ्यात आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, तेव्हा तर त्या फळ्याखेरीज दुसरा आधारच नसतो.

डोळ्यांना दिसते तेही पुरते खरे नसते

सूर्याचे तांबडे बिंब क्षितिजाला टेकलेले दिसते, त्या क्षणी प्रत्यक्षात ते क्षितिजाखाली गेलेले असते. हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतात आणि खाली गेलेले बिंब आपल्याला सुमारे आपल्याच रुंदीइतके उचललेले दिसते. मावळत्या सूर्याचा तांबूस रंगही हवेचीच करणी. किरणांना हवेतून लांबचा पल्ला तुडवावा लागतो, त्यात निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो.

बिंब बुडाल्यावर पूर्वेकडे पाठ फिरवून उभे राहण्याची आपली सवय. पण त्या वेळी पूर्वेकडे पाहिले, तर क्षितिजालगत करड्या-निळसर रंगाचा एक पट्टा हळूहळू वर चढताना दिसतो आणि त्याच्या माथ्यावर फिकट गुलाबी कड असते. तो पट्टा म्हणजे आकाशावर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली. रात्र आकाशातून उतरते असे आपण म्हणतो खरे, पण ती पूर्वेच्या शेतांमधून उगवते. हे दृश्य पाहायला उंच इमारती आड नसलेले सपाट क्षितिज लागते, आणि ते या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाच्या वेशीवर मिळते.

सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत दिव्यावाचून कामे करता येतात. इथे हा काळ बावीस ते पंचवीस मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ एका घटकेचा. सूर्य १८ अंश खाली गेला की संधिप्रकाश पुरता संपतो, आणि त्याला सव्वा तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो. उत्तरेकडच्या देशांत सूर्य तिरक्या वाटेने मावळतो, म्हणून तिथली सांज लांबते. लंडनमध्ये जूनच्या मध्यावर सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो आणि रात्रभर पूर्ण काळोख होतच नाही, तर डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. परदेशी शिकायला गेलेल्या मुलामुलींना चौविहार पाळताना ही ओढाताण किती सोसावी लागत असेल, हे यावरून उमगते.

प्रकाश असा हळूहळू ओसरतो, तर मग मर्यादा नेमकी कुठे आखायची? आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्रा’च्या तिसऱ्या प्रकाशात रात्रिभोजनाच्या दोषांचा विस्ताराने विचार केला आहे. दिवसाच्या आरंभीच्या आणि अखेरीच्या दोन-दोन घटकाही वर्ज्य करणाऱ्याची त्यांनी प्रशंसा केली आहे. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे. सामायिकाचा काळ तोच, सकाळी नवकारशीची प्रतीक्षाही तेवढीच. या हिशेबाने नोव्हेंबरअखेर हिंगणघाटात पावणेपाचच्या आत ताट उचलले गेले पाहिजे, तर जुलैत सव्वासहापर्यंत सवड मिळते.

व्यापाऱ्याला या दोन घटकांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सचोटीचा दुकानदार तराजूचा काटा बरोबर मध्यावर आला म्हणून हात आवरत नाही. गिऱ्हाइकाच्या पारड्यात तो चिमूटभर अधिक टाकतो, कारण डोळा चुकू शकतो, काटा अडू शकतो, आणि ती चूक आपल्या बाजूने होऊ नये असे त्याला वाटते. सूर्यास्ताआधीच्या दोन घटका हे असेच झुकते माप आहे. ते ज्यांच्या पारड्यात पडते ते जीव इतके लहान असतात, की आपण कधी कमी मोजले हे सांगायलाही ते येणार नाहीत.

दिव्याखालचे ताट

साधूंसाठी हा नियम किती निर्णायक मानला गेला, हे ‘दशवैकालिक सूत्रा’वरून दिसते. तिथे चौथ्या अध्ययनात पाच महाव्रतांपाठोपाठ रात्रिभोजनविरमण हे सहावे व्रत म्हणून येते. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त हा विषय थेट अहिंसेशी जोडला आहे. म्हणजे पचनाची सोय हे या व्रताचे मूळ कारण नाही. अंधारात दिसत नाही आणि दिवा लावावा तर जीव त्याच्याकडे ओढले जातात, या दुहेरी अडचणीतून ते आले आहे.

आता घरोघरी लख्ख वीज आहे, मग जुना नियम कशाला, असा प्रश्न नवी पिढी विचारते, आणि तो प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर कापसाच्या शेतातच सापडते. बोंडअळीचे पतंग रात्री हिंडतात. किडींच्या पतंगांना पकडण्यासाठी शेतात प्रकाश सापळा लावतात. त्याची रचना अगदी साधी : वर दिवा, खाली पसरट भांड्यात रॉकेल मिसळलेले पाणी. दिव्याकडे झेपावलेला पतंग खालच्या भांड्यात पडतो. पावसाळ्यातल्या रात्री दिव्याखाली मांडलेल्या उघड्या ताटाची रचना याहून फारशी निराळी नसते. दिवा अधिक प्रखर झाला म्हणून अडचण मिटत नाही, उलट अधिक दुरून जीव ओढले जातात. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळवीचे थवे खिडकीतून कसे आत शिरतात, हे या भागातल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

शरीराच्या अंगानेही या विषयाकडे आज नव्याने पाहिले जात आहे. पेशींतले दिवस-रात्रीचे घड्याळ कसे चालते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वेळेवर आणि लवकर जेवण्याचे फायदे डॉक्टरही सांगतात. हे सारे स्वागतार्हच आहे. पण उद्या विज्ञानाने मत बदलले तरी दिव्याखालचा पतंग तसाच मरणार आहे, आणि व्रताचा आधार तो आहे.

शेजारची दोन अंगणे

वर्धा जिल्ह्यातल्या जैन कुटुंबांना या बाबतीत एक विलक्षण शेजार लाभला. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात गांधीजींनी दोन नियम घेतले : चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खायचे नाहीत, आणि अंधार पडल्यावर जेवायचे नाही. जागोजागी यजमान आपल्यासाठी नाना पदार्थ रांधून त्रासात पडतात, हे त्यांना खुपत होते. पुढे १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. मोकळ्या आकाशाखालची तिथली सायंप्रार्थना साऱ्या देशाला ठाऊक झाली. दिवसाउजेडी भोजन आणि सांजेला चिंतन, हा क्रम जैन घरांना ओळखीचाच होता.

गांधीजींच्या जीवनावर ज्यांची गाढ छाप पडली, ते श्रीमद् राजचंद्र स्वतः जवाहिऱ्याचा व्यापार करणारे होते. हिऱ्या-मोत्यांचा लाखोंचा व्यवहार त्यांच्या हाताखालून जाई, पण गादीशेजारी धर्मग्रंथ आणि रोजनिशी असे. सौद्याचे बोलणे संपले की ते ग्रंथ उघडत किंवा रोजनिशीत लिहू लागत, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. पेढी सोडून धर्म करावा लागतो, हा समज खोडून काढणारे हे चित्र प्रत्येक दुकानात मनाच्या भिंतीवर टांगण्याजोगे आहे.

दुसरे अंगण पवनारचे. धाम नदीच्या काठी विनोबा १९३८ साली राहायला आले. जैन परंपरेविषयी त्यांना वाटणाऱ्या आदरातूनच ‘समणसुत्तं’ या ग्रंथाची कल्पना पुढे आली. जिनेंद्र वर्णींनी संकलित केलेल्या या ग्रंथाला १९७४ साली, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने, दिल्लीत सर्व पंथांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन मान्यता दिली. त्यात ७५६ गाथा आहेत. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले, आणि १५ नोव्हेंबरला पवनारलाच शांतपणे देह ठेवला. तो दिवस दिवाळीचा, महावीर निर्वाणाचा होता. आयुष्याच्या सांजेला ताट कधी बाजूला सारायचे, हे ज्याला कळले त्याने रोजच्या सांजेचा धडा पुरता गिरवला, असे म्हणता येईल.

चुलीचे घड्याळ

व्रताची चर्चा बहुधा जेवणाऱ्याच्या बाजूने होते. रांधणाऱ्याचे घड्याळ मात्र त्याच्या आधी सुरू होते. साडेपाचचा सूर्यास्त असेल तर साडेतीनलाच कणीक भिजते, चारला वरण उकळू लागते. दुपारच्या विसाव्याचा काळ तिथेच संपतो. कुटुंबातले तिघे चौविहार पाळणारे आणि दोघे न पाळणारे असले, की चूल दोनदा पेटते. पाचला फुलके, नऊला पुन्हा फुलके. दुकानातून निघायला दहा मिनिटे उशीर झाला तर वाफाळलेले अन्न निवते आणि त्या उपाशी रात्रीची रुखरुख तिलाच अधिक लागते. पुण्याच्या वहीत तिचे हे श्रम सहसा कोणाच्या नावावर मांडलेले नसतात.

गांधीजींनी यजमानाचा त्रास कमी व्हावा म्हणून आपल्या ताटावर मर्यादा घातली, ही गोष्ट इथे आठवावी. ज्या व्रताने घरातल्या स्त्रीचे ओझे वाढते, त्या व्रताची आखणी कुठेतरी चुकली आहे. उपाय अवघड नाहीत. संध्याकाळी खिचडी-कढी किंवा भाकरी आणि मुगाचे वरण पुरे. सूर्यास्ताची वेळ आठवडाभराची आधीच ठरलेली असते, त्याप्रमाणे दुकानातून निघण्याची वेळही ठरवावी आणि ती पाळावी. आणि जे रात्री उशिरा जेवतात, त्यांनी निदान आपले ताट आपण वाढून घ्यावे. घरातली सर्व माणसे एका वेळी, उजेडात, समोरासमोर बसून जेवली तर चूल एकदाच पेटते. कित्येक घरांत दिवसातून सर्वांची तोंडे एकत्र दिसण्याची तेवढीच वेळ असते.

दुकानातल्या नोकरमाणसांनाही या हिशेबात जागा हवी. मालक वेळेवर उठून जेवून येतो तेव्हा गल्ला सांभाळणारा मुनीम आणि कापड दाखवणारा मुलगा दुपारपासून उभाच असतो. आपल्या वेळेचा आग्रह धरणाऱ्याने त्यांच्या चहा-फराळाची वेळही सांभाळली, तर व्रताची सावली पेढीभर पडते.

दहा मिनिटांच्या अंतरावरचे वैभव

हे सारे शक्य होते ते गाव लहान आहे म्हणून. पेढी, घर आणि मंदिर यांच्यात पायी दहा मिनिटांचे अंतर असते. पाच वाजता उठलेला माणूस सव्वापाचला ताटावर असतो आणि सहाला पुन्हा गादीवर. महानगरात राहणाऱ्या नातलगाला हे साधत नाही. त्याचा सूर्य लोकलच्या डब्यात किंवा वाहनांच्या रांगेत मावळतो. छोट्या गावच्या व्यापाऱ्याला आपल्या गावाची उणीव नेहमी जाणवते. मोठी बाजारपेठ नाही, मोठे शिक्षण नाही, मोठे दवाखाने नाहीत. पण सूर्यास्ताच्या आत घरी पोहोचता येणे ही मिळकत त्याच्या वहीत जमेच्या बाजूला आहे, आणि ती त्याने कधी मोजलेली नाही.

ही मिळकत आता हळूहळू निसटते आहे. गावे रस्त्यांच्या कडेने लांबत चालली आहेत. घरे नव्या वसाहतींत गेली, दुकाने पेठेत राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, तो वर्धा जिल्ह्यातून जातो. नागपूरला सकाळी जाऊन रात्री परतणे सोपे झाले, आणि सांज रस्त्यावर जाऊ लागली. मुलांचे शिकवणी वर्ग नेमके पाच ते सात या वेळेत भरतात. व्रत मोडावे असे कोणी ठरवत नाही. सोयीच्या एकेका निर्णयाबरोबर अंतर थोडे वाढते, आणि एके दिवशी लक्षात येते की घरात सूर्यास्ताला कोणीच नसते.

ज्यांना रोज जमत नाही त्यांच्यासाठी परंपरेने पायऱ्या ठेवल्या आहेत. कोणी अष्टमी-चतुर्दशीला पाळतो, कोणी चातुर्मासापुरते, कोणी पर्युषणात. चातुर्मासाचा आरंभ सोपा असतो, कारण तेव्हा सूर्य सातपर्यंत थांबतो आणि पेठेत गर्दीही कमी असते. खरी कसोटी त्यानंतरची. कापूस येतो, गल्ला भरू लागतो, आणि नेमका तेव्हाच सूर्य दीड तास आधी निघून जातो. ज्या महिन्यात उठणे सर्वांत महाग पडते, त्याच महिन्यात सर्वांत लवकर उठावे लागते. हा योग जणू व्यापाऱ्याची परीक्षा घेण्यासाठीच जुळून आला आहे. अशा वेळी पायरीवरच्या गिऱ्हाइकाला हात जोडून ‘अर्ध्या तासात येतो, तोवर मुनीमजी दाखवतील’ म्हणणारा मनुष्य त्या दिवशीच्या विक्रीतले काही गमावत असेलही. पण गिऱ्हाइकाला एक गोष्ट न सांगता कळते. पैशासाठी जो आपली वेळ मोडत नाही, तो मापही मोडणार नाही. छोट्या गावात अशी पत पिढ्यान्पिढ्या चालते.

सहा वाजतात. पश्चिमेची लाली राखाडी होते, पूर्वेची सावली माथ्यापर्यंत चढते, पहिली चांदणी दिसू लागते. स्थानकात आणि उपाश्रयात देवसी प्रतिक्रमणाला बैठका पसरल्या जातात, मंदिरात आरतीची घंटा वाजते. दिवसभर कोणाला दुखावले, कुठे कमी मोजले, कुठे वाजवीपेक्षा अधिक घेतले, याची उजळणी अंधार दाटत असताना होते. पेठेत दिवे लागलेले असतात, जेवून आलेला मालक पुन्हा गादीवर बसतो, कापडाचे ठाण पुन्हा उलगडते. कापसाने भरलेली शेवटची गाडी काट्याकडे वळते.

फळ्यावरचा आजचा आकडा कोणीतरी ओल्या फडक्याने पुसतो आणि खडूने उद्याचा सूर्यास्त लिहून ठेवतो.